सेसना १८० (मॉडेल १९५५): डोंगरातल्या गवती धावपट्ट्यांसाठी घ्यावी का?

अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरात उडणाऱ्या कुठल्याही पायलटला त्याच्या मनातल्या विमानाबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं. तीनशे फुटांत उतरावं, दोनशे फुटांत उडावं, चार माणसं, तंबू, शेगडी आणि दोन सायकली मावाव्यात, ताशी दीडशे मैल पळावं, गाडीचं पेट्रोल चालावं आणि हे सगळं पन्नास हजार डॉलरच्या आत बसावं. म्हणजे मुलगी उंच, गोरी, इंजिनियर, पुरणपोळीत हात बसलेली आणि पत्रिकाही जुळणारी हवी. असं स्थळ अजून कुणाला सांगून आलेलं नाही. तरी दर उन्हाळ्यात जॉन्सन क्रीकच्या गवती धावपट्टीवर रात्री शेकोटीभोवती हीच चर्चा रंगते आणि कुणालाच तिचा कंटाळा येत नाही.

आमच्याकडे आहे ती १९५५ची सेसना १८०. भागीदार तिघं: मी, एक निवृत्त शाळामास्तर आणि एक सफरचंदाच्या बागेचा मालक. विमान आयडाहोतल्याच कॉल्डवेलला हँगरमध्ये असतं. इकडचे मराठी मित्र आणि पुण्यात लायसन्स काढून इथे आलेला माझा भाचा 'मावशी, तेच का घेतलंस?' असं इतक्या वेळा विचारतात की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

आधी थोडी ओळख. सेसनाने १८० हे मॉडेल १९५३ ते १९८१ या काळात बनवलं. पूर्ण धातूचं, वर पंख, चार सीट, शेपटीखाली छोटं चाक. सुरुवातीच्या मॉडेलांत सहा सिलिंडरचं २२५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल ओ-४७० इंजिन. जेरी मॉक या ओहायोच्या गृहिणीने १९६४ साली एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारी ती पहिली बाई. तिचं विमान हेच, १९५३चं. वाटेत ती दिल्लीला आणि कलकत्त्यालाही उतरली होती. ते विमान आता व्हर्जिनियात स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आमचं त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटं आणि अजून कामाला जातं.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर डोंगरातल्या विमानांचे व्हिडिओ बघून लोकांचा समज होतो की सगळा खेळ किती कमी जागेत उतरता येतं याचा आहे. दुबईच्या बुर्ज अल अरबच्या हेलिपॅडवर २०२३च्या मार्चमध्ये ल्यूक चेपिएला नावाचा पोलिश पायलट कार्बन कब नावाचं छोटं विमान घेऊन उतरला. पॅड २७ मीटर रुंद, जमिनीपासून २१२ मीटर उंच. थरारक आहे, मीही पुन्हा पुन्हा बघितलंय. पण त्या विमानात तो एकटा होता आणि त्यासाठी विमान खास हलकं केलेलं होतं. माझ्याबरोबर असतात नवरा, तंबू, पाण्याचे कॅन, कुकर आणि 'असू दे' म्हणून घेतलेली तिसरी ब्लँकेट. माझ्या मते डोंगरी विमान पारखायचं ते एकाच प्रश्नावर: उन्हाळ्याच्या दिवशी, आपली खरी माणसं आणि खरं सामान घेऊन ते तिथून बाहेर निघतं का? आत जाणं त्यामानाने सोपं.

जॉन्सन क्रीकचंच बघा. यलो पाइन गावाच्या वरच्या अंगाला, पाच हजार फुटांच्या आसपास उंचीवर, सुमारे ३,४०० फूट लांबीची हिरवीगार गवताची पट्टी. राज्य सरकारची, राखणदार असलेली, शॉवरला गरम पाणी देणारी. डोंगरी पट्ट्यांमधली ही लाडावलेली. त्या उंचीवर प्रमाणित तापमान, म्हणजे विमानाच्या हिशेबात धरलेलं तापमान, असतं साधारण ५ अंश सेल्सियस. ऑगस्टच्या दुपारी पारा ३० वर गेला की वरच्या दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने तिथली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. मग आमच्या २२५ हॉर्सपॉवरपैकी हातात उरतात जेमतेम १७०. सुपर कब या छोट्या विमानाच्या १५० पैकी ११३. पंखालाही तीच विरळ हवा, पुढच्या पंख्यालाही (प्रोपेलरला) तीच. धावपट्टीची लांबी तेवढीच राहते आणि समोरच्या डोंगराची उंचीही.

हा हिशेब पुढे नेला की एक गंमत दिसते. सुपर कब, म्हणजे पायपर पीए-१८, या धंद्यातला मानबिंदू. १९४९ पासूनचं कापडी विमान, पुढे-मागे दोन सीट, अलास्कात निम्मं आयुष्य त्याच्यावर चालतं. त्याच्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस फूट. आमच्या १८० चं १७४. म्हणजे पंख जवळपास सारखेच! फरक आहे तो त्यावर टांगलेल्या वजनाचा: कबचं कमाल वजन १,७५० पौंड, आमचं २,५५०. हॉर्सपॉवरमागे पौंड काढले तर दोघी सारख्याच भरतात, साडेअकराच्या आसपास. पण पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर कब दहा पौंड वाहते आणि आमची साडेचौदा. म्हणून कब ताशी ४३ मैलांपर्यंत तरंगत राहते आणि आमची, भरलेली असेल तर, साठाच्या जरा खाली स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल संपते. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे हे पंधरा मैल कागदावर दिसतात त्याहून फार महाग पडतात.

म्हणजे खरोखर आखूड, वाकड्या, नदीकाठच्या दगडगोट्यांवर उतरायचं असेल तर १८० घेऊ नका. कब घ्या, हस्की घ्या, पैसे असतील तर याकिमाची कार्बन कब घ्या, तिला १८० हॉर्सपॉवर आहेत आणि अंगावर मांस नाही. विषय संपला.

पण फ्रँक चर्च अभयारण्यातल्या ज्या पट्ट्यांवर सामान्य माणूस सुट्टीत जातो, त्यातल्या बहुतेकांची लांबी हजार फुटांच्या कितीतरी वर आहे. १९८० साली कायद्याने हा २३ लाख एकरांचा मुलूख राखीव झाला, आत मोटार न्यायची नाही, करवतसुद्धा हातानेच चालवायची. पण आधीपासूनच्या धावपट्ट्या त्याच कायद्याने चालू ठेवल्या. तिथे जायला विमान, घोडा, होडी किंवा स्वतःचे पाय. अशा पट्ट्यांवर १८० चा वेग आणि पोट कामी येतं. जॉन्सन क्रीक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, कॉल्डवेलहून सरळ रेषेत साधारण शंभर मैल. मोठे टायर लावलेली आमची सेसना पाऊण तासात पोचते, तसेच टायर लावलेली कब तासाच्या वर घेते. गाडीने चार तासांच्या आसपास, त्यातला शेवटचा टप्पा धुळीचा.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे आले होते तेव्हा या पोटाची खरी परीक्षा झाली. आमच्या विमानाचं रिकामं वजन १,६८० पौंड, म्हणजे माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून ८७० पौंडांची मुभा. वजनाचा तक्ता भरायला मी सासूबाईंना वजन विचारलं. "लिही साठ," त्या टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या.

"आई, विमानाला खोटं चालत नाही हो."

"मग तुझ्या काट्यावर उभी राहते, पण आकडा ह्यांना सांगायचा नाही."

काट्याने ७१ किलो सांगितले. ह्यांना अजून माहीत नाही, आणि ते हे वाचणार नाहीत याची मी खात्री करून घेतली आहे. आई १५६ पौंड, बाबा १५०, मी १३५, बॅगा ६०, पस्तीस गॅलन पेट्रोलचे २१०. बेरीज ७११. नवऱ्याचे १९० मिळवले की ९०१, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. बॅगा खाली ठेवल्या तर कागदावर चौघं बसत होतो. डोंगरात मला तसलं काठोकाठ नको होतं. तेव्हा नवरा आदल्या दिवशी तंबू आणि सामान घेऊन गाडीने गेला. चार सीटचं विमान म्हणजे तीन माणसांचं विमान, हे विकत घेण्याआधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सुपर कबमध्ये मात्र मला सासू-सासऱ्यांपैकी एकालाच निवडावं लागलं असतं, आणि तसं केल्यावर त्या घरात राहायचं होतं.

बाबा एसटीच्या विटा डेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी इंजिनाचं झाकण उघडायला लावलं. सिलिंडर मोजले. कार्ब्युरेटर बघून चेहरा खुलला. "बॅटरी गेली तर?" मी म्हटलं, इंजिन चालूच राहतं, ठिणगी दोन मॅग्नेटो देतात, त्यांना बॅटरी लागत नाही. "आणि स्पेअर?" मिळतात, कारण हेच इंजिन पुढच्या चाकवाल्या सेसना १८२ मध्येही हजारोंनी बसलंय. त्यांनी मान डोलावली. "मग ठीक आहे. ज्याचं स्पेअर मिळत नाही ती गाडी रूटवर काढू नये." एवढं नेमकं परीक्षण मी एकाही विमानविषयक मासिकात वाचलेलं नाही.

एक इशारा द्यायला हवा: हे कार्ब्युरेटर दमट हवेत बर्फ धरतं, आणि ओ-४७० त्यासाठी जुनंच बदनाम आहे. ढगाळ सकाळी पॉवर कमी करण्याआधी कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीटची कळ ओढायचीच.

चालवण्याबद्दल. ह्या विमानातली माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांचा, दांडा. दोन सीटच्या मधे जमिनीतून वर आलेला, टोकाला बटण. बटण दाबायचं, दांडा वर ओढायचा, खटकन पुढच्या खाचेत बसतो. मोटर नाही, वायर नाही, वाट बघणं नाही. शेवटची खाच ४० अंशांची, तिथे ओढायला दंड लागतो, विशेषतः वेग जास्त असेल तर. उतरल्या क्षणी बटण दाबून दांडा खाली टाकला की पंख आपला भार सोडतात, वजन चाकांवर येतं आणि ब्रेक धरतात. ओल्या गवतावर हा अर्धा सेकंद किमतीचा असतो. नंतरच्या सेसनांत विजेचे फ्लॅप आले. गुणगुणत, रमतगमत उतरतात. मला नकोत.

ट्रिमची, म्हणजे सतत जोर न लावता विमान तोलून ठेवायच्या सोयीची, तऱ्हा वेगळी. बहुतेक छोट्या विमानांत शेपटीच्या कडेला एक छोटी पट्टी हलते. १८० मध्ये शेपटीचा अख्खा आडवा पंख (स्टॅबिलायझर) स्क्रूवर वरखाली होतो. म्हणून मागे वजन असो वा नसो, विमान छान तोलता येतं. पण चाक फिरवत बसावं लागतं. आणि उतरताना नाक वर ट्रिम केलेलं असताना अचानक पुन्हा उडायचं ठरवलं, पूर्ण थ्रॉटल दिला, की नाक असं उसळतं की दोन्ही हातांनी स्टिअरिंग पुढे रेटावं लागतं. नव्या माणसाने हे आधी उंचावर, प्रशिक्षकाबरोबर करून बघावं. अरुंद दरीत तसाही पुन्हा उडायचा निर्णय लवकर घ्यायचा असतो. जॉन्सन क्रीकला बहुतेक जण दक्षिणेकडे तोंड करून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने उतरतात आणि उत्तरेला, उताराकडे उडतात. उशिरा विचार बदलला तर समोर चढत जाणारी दरी असते.

शेपटीचं चाक हा बाकी सगळ्यांना घाबरवणारा भाग. कारण साधं आहे: मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. विमान जमिनीवर जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि तुम्ही पायांनी वेळेत सावरलं नाही तर विमान गर्रकन फिरतं. ग्राउंड लूप म्हणतात त्याला. १८० जड असल्यामुळे फिरायला लागली की ऐकत नाही. बदल्यात काय मिळतं? पंखा जमिनीपासून उंच राहतो, खड्ड्यात मोडायला पुढचं नाजूक चाकच नसतं. पायाच्या जागी स्टीव्ह विटमन या रेसिंग पायलटच्या कल्पनेतली लवचीक पोलादी पट्टी आहे. ती न कुरकुरता धक्के खाते, आणि तुम्ही ताडकन आपटलात तर तितक्याच इमानाने तुम्हाला हवेत परत पाठवते. अमेरिकेत हे विमान चालवायला लायसन्सखेरीज पायलटच्या नोंदवहीत (लॉगबुकात) प्रशिक्षकाच्या दोन सह्या वेगळ्या लागतात, एक शेपटीच्या चाकासाठी आणि एक दोनशेच्या वर हॉर्सपॉवरसाठी. विमा कंपनी त्यावर आणखी तास मागते आणि हप्ता ऐकून पोटात गोळा येतो.

बाकीची स्थळं थोडक्यात. विमानांतली मॉल ही जॉर्जिया राज्यातल्या मूल्ट्री गावची. तिचे गुण १८० च्या जवळचे, आणि नवी कोरी मिळते. आतून मला जरा अडचणीची वाटते, पण पैशाच्या मानाने चांगली; ज्याला सत्तर वर्षांच्या पत्र्याची धास्ती आहे त्याने मॉल बघावी. किटफॉक्स तर आमच्या शेजारची, होमडेलला बनते. शेजारीशेजारी दोन सीट, पंख घडी करून गॅरेजमध्ये ठेवता येतात, रोटॅक्स इंजिन गाडीच्या पेट्रोलवर चालतं आणि आमच्या निम्म्याहून कमी पितं. एकट्याने किंवा जोडीने फिरणाऱ्याला, आणि हातात पाना धरायची हौस असणाऱ्याला, माझा कौल किटफॉक्सला. किट स्वतः जोडायचं म्हणजे काही वर्षं संध्याकाळी घरात दिसायचं नाही, एवढंच. चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची चिकाटी ज्यांच्यात असेल त्यांनी खुशाल घ्यावं. माझ्यात नाही.

खर्चाचं गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. बरी १८० आज दीड लाख डॉलरच्या अलीकडे-पलीकडे मिळते, रडतखडत असलेली थोडी खाली, नटवलेली दोन लाखांवर. तासाला बारा-तेरा गॅलन विमानाचं १००एलएल पेट्रोल लागतं. म्हणजे नुसत्या पेट्रोलचेच ऐंशी डॉलरच्या घरात. शिवाय हँगर, विमा, वार्षिक तपासणी. तिघांत वाटून घेतलं म्हणून जमतं. भागीदारीतली भांडणं पेट्रोल कुणी कमी भरून ठेवलं इथपासून सुरू होतात आणि तिथेच संपवावीत. आम्ही वही ठेवली आहे: कोण कुठे गेलं, किती तास, टाकीत किती. शाळामास्तर लाल पेनने तपासतात.

आवाज भयंकर आहे, चांगले हेडसेट घ्याच. हीटर पुढे पाय भाजतो आणि मागे थंडी तशीच. मागच्या सीटवरून खालचं चांगलं दिसतं, समोरचं नाही. सासूबाईंनी अख्खी सॅमन नदी खिडकीतून बघितली आणि डोंगर जवळ आला तेव्हा रामरक्षा म्हटली, हेडसेटचा माइक चालू ठेवून. उतरल्यावर म्हणाल्या, "गाडीपेक्षा बरं, घाट लागत नाही." परतीला आम्ही सकाळी सातच्या आत निघालो, हवा गार आणि जड असताना. एकतृतीयांश पट्टीत चाकं सुटली. तीच पट्टी दुपारी दोन वाजता दिली असती तर मी त्यांना खालीच ठेवून एकेकाला नेलं असतं.

तर घ्यावी का? दोन माणसं आणि भरपूर सामान, किंवा तीन माणसं आणि बेताचं सामान, हजार-बाराशे फुटांच्या वरच्या पट्ट्या आणि घरापासून शंभरदीडशे मैलांचं अंतर, असा तुमचा संसार असेल तर माझ्या मते याहून चांगलं जुनं विमान नाही. नदीकाठच्या वाळूवर उतरायची स्वप्नं पडत असतील तर पैसे वाया जातील.

बघायला जाल तेव्हा टॉर्च, आरसा आणि या मॉडेलची सवय असलेला मेकॅनिक बरोबर न्या; विकणाऱ्याचाच मेकॅनिक नको. गंज पंखांच्या आत शोधा, रंग नवा असेल तर जास्तच. चाकांच्या पोलादी पट्ट्या जिथे धडात शिरतात तो भाग आतून बघा, आपटलेलं विमान तिथे खरं बोलतं. शेपटीच्या स्क्रूला हाताने हलवून खेळ किती आहे ते बघा. पंखांतल्या रबरी टाक्यांना सुरकुत्या पडल्या की त्यात पाणी अडतं, म्हणून पंख हलवून मग पेट्रोलचा नमुना काढा. आणि सीटचे रूळ: झिजले की सीट उड्डाणाच्या वेळी मागे सरकू शकते, म्हणून त्यांची तपासणी १९८७ पासून सक्तीची आहे. कागदपत्रं हातात घेण्याआधी त्या सीटवर बसा, पिन लावा आणि जोर लावून मागे ढकलून बघा. हलली, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करा.